बोलताना थांबणारी पावलं

म्हातारपणाबद्दल आपल्या भागातल्या दोन्ही भाषांनी एकच निकाल देऊन ठेवला आहे. मराठीत ‘साठी बुद्धी नाठी’ आणि कन्नडमध्ये ‘अरवत्तक्के अरळु-मरळु’. साठ हा आकडासुद्धा दोघींनी एकच धरला. इतर बाबतीत सीमेच्या अलीकडे-पलीकडे कितीही मतभेद असोत, इथे मात्र एकमत! पण या दोन्ही म्हणी फक्त डोक्याबद्दल बोलतात. पायांकडे दोघींचंही लक्ष गेलेलं नाही. आणि डोकं थकू लागल्याची खूण पुष्कळदा पायांत दिसते, असं गेल्या पंचवीस-तीस वर्षांचं संशोधन सांगतं.

बोरगावात संध्याकाळच्या वेळी देवळाच्या पटांगणात किंवा बस्तीकडे जाणाऱ्या वाटेवर थोडा वेळ उभं राहून बघा. वयस्क मंडळी फिरायला निघालेली असतात. कुणीतरी विचारतं, ‘काय अण्णा, ऊस गेला का कारखान्याला?’ एक आजोबा चालता चालता उत्तर देऊन पुढे जातात. दुसरे थांबतात, काठी टेकतात, उत्तर देतात आणि मग पुढचं पाऊल टाकतात. आपण म्हणतो, जुनी माणसं, थांबून बोलायची रीत आहे त्यांची. काही वेळा ते खरंही असतं. पण दर वेळी, अगदी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायलासुद्धा थांबावं लागत असेल, तर ती रीत नव्हे.

1997 साली स्वीडनमधल्या काही संशोधकांनी नेमकी हीच गोष्ट तपासली. वृद्धांच्या निवासात राहणाऱ्या 58 जणांबरोबर ते चालले आणि चालता चालता त्यांच्याशी साध्या गप्पा सुरू केल्या. बारा जण बोलण्यासाठी थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या बारांपैकी दहा जण पडले. ना यंत्र, ना रक्ताची तपासणी. एक प्रश्न विचारायचा आणि पाय थांबतात का ते बघायचं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ही छोटीशी नोंद छापून आली आणि तिथून या विषयाला खरी चालना मिळाली.

असं का होत असावं? निपाणी भागातल्या वाचकांना हे समजावून सांगायला दूर जायला नको. विड्या वळणाऱ्या बायका आपण पाहिल्या आहेत. सुपात तंबाखू, हातात पान, आणि तोंडाने गावभरच्या गप्पा. हात आपोआप चालतात, म्हणून डोकं गप्पांना मोकळं असतं. नव्याने शिकणारी मुलगी मात्र गप्प बसून वळते. तिला कुणी हाक मारली की पान फाटतं. तरुणपणी आपलं चालणं हे त्या सरावलेल्या हातासारखं असतं. वय वाढलं, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना मधुमेहाचा आणि रक्तदाबाचा मार बसला, नजर आणि कान कमी झाले, की चालणं पुन्हा नव्याने शिकल्यासारखं होतं. प्रत्येक पाऊल मेंदूच्या पुढच्या भागाला विचारून टाकावं लागतं. एकाच वेळी अनेक गोष्टी सांभाळणं, लक्ष इकडून तिकडे वळवणं, ठरवणं ही कामंही तोच भाग करतो. तिथे माणूसबळ कमी पडलं, की बोलणं आणि चालणं यांतलं एक थांबतं.

अमेरिकेत काम करणारे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. जो वर्गीस यांनी या दुव्यावर बरीच वर्षं काम केलं आहे. विसराळूपणाची तक्रार आणि मंदावलेली चाल या दोन गोष्टी एकत्र आल्या, तर पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा धोका वाढतो, ही मांडणी त्यांनी 2013 मध्ये केली. केरळात कोझिकोडलाही त्यांच्या गटाने असा अभ्यास उभा केला. आपल्यासारख्या गावांच्या दृष्टीने यातलं महत्त्वाचं हे, की इथे मेंदूचा फोटो काढायला बेळगाव-कोल्हापूर गाठावं लागत नाही. एक घड्याळ आणि एक प्रश्न पुरतो.

प्रश्न लहान नाही. आपल्या देशात साठीच्या पुढच्या माणसांपैकी 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज 2023 मध्ये एका देशव्यापी पाहणीतून निघाला. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त. ज्यांच्या वाट्याला शाळा आली नाही त्यांना धोका अधिक. म्हणजे आपल्या घरातल्या आज्जीच.

<b>बसा हो, कशाला उठता?</b>

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. पण हा विषय माझ्या घरात राहतो. माझ्या सासूबाई, आमच्या आत्ती, आता एकोणऐंशी वर्षांच्या आहेत. माहेर अथणीकडचं, घरची भाषा कन्नड. लग्न होऊन या बाजूला आल्या तेव्हा मराठी शिकल्या. वीस-बावीस वर्षं घरी बसून विड्या वळल्या, चार मुलं वाढवली. दोन वर्षांपूर्वी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं सुरू झालं. भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं. सोप्यातून परड्यात जाताना त्या मध्येच भिंतीला हात लावू लागल्या. मेंदूविकारतज्ज्ञांनी तपासून सांगितलं, अजून स्मृतिभ्रंश नाही, पण वयाच्या मानाने विसर जास्त आहे. या मधल्या अवस्थेला डॉक्टर ‘एमसीआय’ म्हणतात. यातल्या काहींचा पुढे स्मृतिभ्रंश होतो, काही वर्षानुवर्षं आहेत तिथेच राहतात, काही थोडे सुधारतातही.

निदान कळताच नातेवाईक भेटायला आले. मराठी पाहुणे म्हणाले, ‘आता बसा हो, कशाला उठता?’ कन्नड पाहुणे म्हणाले, ‘सुम्न कुंद्री अज्जी.’ अर्थ एकच. चहाचा कप हातात, पाणी हातात, औषध हातात. प्रेमच ते, त्यात शंका नाही. पण या प्रेमाचा हिशोब महागात पडतो. बसून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या मांड्यांचे स्नायू काही आठवड्यांत उतरतात. मग उठताना तोल जातो. तोल जातो म्हणून भीती बसते. भीतीमुळे माणूस आणखी बसतो. घराबाहेर जाणं थांबलं की बोलायला माणूस राहत नाही आणि डोक्याला काही कामही राहत नाही. आमच्या गल्लीतल्याच एक आजी गेल्या पावसाळ्यात न्हाणीच्या उंबऱ्याशी पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया चांगली झाली, पण त्या अंथरुणावरून पुन्हा नीट उठल्याच नाहीत. आणि पडण्याआधी माणसं ओळखणाऱ्या आजी दिवाळीपर्यंत थोरल्या मुलाला भाऊ म्हणू लागल्या होत्या. अशी एक तरी गोष्ट तुमच्याही गल्लीत असेल.

म्हणून प्रश्न असा, की ज्या दोन गोष्टी एकत्र ढासळतात, त्या एकत्र सावरता येतील का? चालणं आणि विचार करणं यांचा एकत्र व्यायाम होऊ शकतो का?

जपानमध्ये ओबू नावाच्या शहरात वार्धक्याचा अभ्यास करणारं राष्ट्रीय केंद्र आहे. तिथे ‘कॉग्निसाइज’ नावाचा व्यायामप्रकार तयार झाला. पावलं टाकायची, तोंडाने आकडे मोजायचे, आणि तीनच्या पाढ्यातला आकडा आला की टाळी वाजवायची. तीनला टाळी, सहाला टाळी, नऊला टाळी. वाचायला पोरखेळ वाटतो. वाचकांनी आत्ताच उठून पाय हलवत तीसपर्यंत करून बघावं! या पद्धतीतला मला सर्वांत आवडलेला नियम हा, की अधूनमधून चूक व्हायलाच हवी. सगळं बरोबर येऊ लागलं, तर डोक्याला काम उरलेलं नाही असं समजायचं आणि खेळ अवघड करायचा. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाची चूक झाली की घरातली पोरं हसतात आणि मोठी माणसं उसासे टाकतात. इथे चूक हीच व्यायाम नीट चालल्याची खूण!

स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाला पियानोच्या तालावर चालायचा एक वर्ग घेतला. ताल बदलला की चाल बदलायची, मध्येच वळायचं, हातांनी वेगळं काही करायचं. पडण्याचा धोका असलेले 65 वर्षांवरचे 134 जण या अभ्यासात होते. सहा महिने, आठवड्यातून फक्त एक तास. 2011 मध्ये निष्कर्ष छापून आले. वर्गात गेलेल्यांची चाल सुधारली आणि पडण्याचं प्रमाण वर्गात न गेलेल्यांच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आलं. कॅनडात आमच्या आत्तींसारख्या, म्हणजे एमसीआय असलेल्या 175 जणांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. वीस आठवडे व्यायाम केल्यावर त्यांच्या स्मरण-विचारांच्या चाचणीत सुधारणा दिसली, आणि व्यायामाला डोक्याच्या कामाची जोड दिली तिथे ती जास्त होती. त्याच प्रयोगात ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी मात्र काही फरक पडला नाही. हे मुद्दाम लिहिते आहे. गोळी मागण्याची आपली सवय जुनी आहे.

जिनिव्हाचं वर्णन वाचताना मला आपल्याकडची पावली आठवली. हरिपाठाला समोरासमोर दोन रांगा उभ्या राहतात. हातात टाळ, तोंडात अभंग, पाय पुढे-मागे, मध्येच गिरकी, मध्येच खाली वाकून उठणं. आणि हे सगळं शेजाऱ्याच्या पावलाशी जुळवून. हात, पाय, जीभ, कान आणि आठवण यांना एकाच वेळी कामाला लावणारा दुसरा प्रकार शोधून सापडायचा नाही. बायकांची पंचमीची फुगडी आणि झिम्मा, कन्नड बाजूचं कोलाट यांची जातकुळी तीच. त्यातून जुनी, तोंडपाठ गाणी विसरणाऱ्या माणसाजवळही बराच काळ टिकून राहतात. काल काय जेवलं ते आठवत नाही, पण अभंगाचं पुढचं चरण ओठावर येतं. माझं म्हणणं असं नाही, की पावली हे स्मृतिभ्रंशाचं औषध आहे. म्हणणं एवढंच, की विसरायला लागलेल्या आजोबांना ‘आता तुम्ही कोपऱ्यात बसून ऐका’ म्हणण्याआधी दोनदा विचार करावा. गिरकी नको, खाली वाकणं नको. रांगेच्या टोकाला, कुणाच्या तरी आधाराने, संथ लयीत पुढे-मागे चार पावलं तरी होऊ द्यावीत.

<b>दोन भाषांची शिदोरी</b>

आता आपल्या खास मालमत्तेकडे वळू. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या 648 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. 2013 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि जगभर त्याची चर्चा झाली. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची सुरुवात एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेचार वर्षं उशिरा झाली होती. कधी शाळेत न गेलेल्या रुग्णांतही हा फरक दिसला. म्हणजे हे श्रेय शिक्षणाचं नव्हे. बाजारात एका भाषेत भाव करायचा, घरी दुसऱ्या भाषेत हिशोब सांगायचा, माणूस बघून भाषा बदलायची, एक बोलताना दुसरी आवरून धरायची. लक्ष वळवण्याचा हा व्यायाम सीमाभागातला माणूस जन्मभर फुकट करत असतो. हा रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास होता, प्रयोग नव्हे, त्यामुळे ‘दोन भाषा बोला, आजार टाळा’ असं त्यातून सिद्ध होत नाही. पण आहे ती शिदोरी व्यायामात वापरायला काय हरकत आहे?

परदेशी पुस्तकांतले डोक्याचे व्यायाम आपल्याकडे जसेच्या तसे चालत नाहीत, याचा अनुभव आम्हाला पहिल्याच आठवड्यात आला. ‘चालताना शंभरातून सात-सात वजा करत जा’ असं तिथे लिहिलेलं असतं. अमेरिकेतल्या एका चाचणीत एक सोडून एक मुळाक्षर म्हणत चालायचं असतं. आत्ती शाळेत गेलेल्या नाहीत. वजाबाकी सांगितली तेव्हा त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘मला येत नाही, मी जाते आत.’ परीक्षेची भीती माणसाला एकोणऐंशीव्या वर्षीही असते. मग आम्ही त्यांच्याच आयुष्यातली कामं घेतली. पंचवीस-पंचवीस विड्यांचे कट्टे त्यांनी हजारोंनी बांधले आहेत. पाच-पाचने मोजत पंचवीसला येणं त्यांना झोपेतही जमतं. त्या मोजणीवर चालणं सुरू झालं. नंतर भाज्या आल्या. मी मराठीत नाव घ्यायचं, त्यांनी कन्नडमध्ये सांगायचं. वांगं, बदनीकायी. कांदा, उळ्ळागड्डी. काकडी, सौतीकायी. मग उलट. मग वार, मग नणंदा-भावजयांची नावं वयाच्या क्रमाने, आणि त्यात कोण कुठल्या गावी दिली हेही. आता आकडे एक मराठी, एक कन्नड असे जातात: एक, एरडु, तीन, नाल्कु, पाच, आरु, सात, एंटु. हे मलाही जड जातं. तुमच्या घरी शेतकरी आजोबा असतील तर त्यांना रानातली पिकं, बांधाशेजाऱ्यांची नावं, गेल्या पाच बैलांची नावं विचारा. शिंपीकाम केलेल्या काकांना मापं विचारा.

क्रम मात्र महत्त्वाचा आहे. फिजिओथेरपिस्टने आम्हाला आधी पायांची तयारी करायला लावली. लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, प्लॅस्टिकची नको, ती सरकते. तिच्यावरून हाताचा आधार कमीत कमी घेत उठायचं, सावकाश बसायचं. पाच वेळा, मग दम घ्यायचा, पुन्हा पाच वेळा. सोप्यातल्या खांबाला धरून टाचा उचलायच्या. एक पाय दुसऱ्याच्या पुढे ठेवून दहा आकडे उभं राहायचं. हे तीन आठवडे झाल्यावर नुसतं चालणं, मुकाट्याने. चालणं स्थिर झाल्यावर डोक्याचं काम. सोबतच्या माणसाने कमजोर बाजूला, अर्धं पाऊल मागे राहायचं, ओढायचं नाही. काम सांगितल्यावर चाल थोडी मंदावली तर चालेल. पण पाय थांबले किंवा झोक जाऊ लागला, तर मोजणी सोडायची, चालणं नव्हे. वेग किती? बोलता यावं पण गाणं म्हणायला दम पुरू नये, इतका. छातीत दुखलं, चक्कर आली, तर तिथेच थांबून बसवायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. जागतिक आरोग्य संघटना 65 वर्षांपुढच्यांसाठी आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम हालचाल आणि तीन दिवस तोल व ताकदीचे व्यायाम सांगते. तो आकडा वाचून घाबरू नये. आत्तींची सुरुवात चार मिनिटांपासून झाली.

आणि जागा बघून. बोरगाव-इचलकरंजी किंवा निपाणीच्या रस्त्यावर ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या बाजूने वयस्क माणसाला चालवणं हा व्यायाम नव्हे. देवळाचं पटांगण, शाळेचं मैदान, घरचं परडं बरं.

इथे एक गोष्ट उलटी वाटेल, पण नीट लक्षात घ्यावी. पटांगणात हाताशी माणूस असताना जे बोलणं व्यायाम असतं, तेच बोलणं न्हाणीच्या ओल्या फरशीवर, जिन्यावर किंवा उंबरा ओलांडताना धोका असतं. आजी पायरी उतरत असताना आतून ‘आज्जी, तुमचा फोन!’ अशी हाक मारू नये. पाय जमिनीवर टेकू द्यावेत, मग सांगावं. आमच्या घरी लहानांनाही हे पाठ झालं आहे. न्हाणीत धरायला दांडी, उंबऱ्यावर ठळक रंगाचा पट्टा, रात्रीचा दिवा आणि सपाता बदलून मागे पट्टा असलेल्या चपला. एवढा खर्च एका प्लॅस्टरपेक्षा कमीच.

<b>किती अपेक्षा धरावी?</b>

मोबाइलवर रोज काही ना काही येत असतं. शंभर पावलं उलटं चाला आणि विसर पळवा, वगैरे. म्हाताऱ्या माणसाला उलटं चालवण्याचा सल्ला देणाऱ्याने आधी त्याला सावरायला मागे उभं राहावं! खरी स्थिती अशी आहे. स्मृतिभ्रंश स्पष्ट झालेल्या 494 जणांच्या इंग्लंडमधल्या अभ्यासात एका गटाला चार महिने चांगला दमदार व्यायाम दिला गेला. 2018 मध्ये निष्कर्ष आले. त्यांची शारीरिक क्षमता वाढली, पण विसर मंदावला नाही. किंबहुना चाचणीचे गुण किंचित खालीच गेले. म्हणजे आजार पुढे गेल्यावर व्यायामाकडून डोक्याच्या सुधारणेची आशा धरून माणसाला दमवू नये. तेव्हा हेतू वेगळा असतो: स्वतःच्या पायाने न्हाणीत जाता यावं, खुर्चीतून उठता यावं, पडणं टळावं. तो हेतूही लहान नाही. ज्यांनी अंथरुणावरचं माणूस उचललं आहे त्यांना विचारा. डोक्याला फायदा होण्याची शक्यता आधीच्या टप्प्यात, विसर नुकताच सुरू झालेला असताना जास्त. तिथेही व्यायाम एकटा पुरत नाही. फिनलंडमध्ये साठ ते सत्त्याहत्तर वयाच्या 1260 जणांच्या अभ्यासात एका गटाला दोन वर्षं आहार, व्यायाम, डोक्याचं काम आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष असं सगळं एकत्र दिलं, तेव्हा फरक दिसला, असं 2015 मध्ये प्रसिद्ध झालं. आणि ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ मंडळाने 2024 मध्ये टाळता येण्यासारखी चौदा कारणं मोजली, त्यांत बैठी जीवनशैली आहे, तसाच बहिरेपणा, कमी दिसणं, मधुमेह, रक्तदाब, तंबाखूचं धूम्रपान आणि एकटेपणही आहे. मोतीबिंदू पिकायची वाट बघणाऱ्या घरांनी हे वाचावं.

व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवणं टाळू नका, आणि केवळ ‘वय झालं’ एवढं उत्तर घेऊन परत येऊ नका. ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांनीही विसर पडतो, आणि यांवर इलाज आहे. रात्रीची झोपेची गोळी सकाळच्या तोल जाण्याचं कारण असू शकते. सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या. विशेष लक्ष द्यावं असं एक त्रिकूट आहे: पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवर ताबा न राहणं आणि विसर. ही तिन्ही एकत्र आली तर मेंदूत पाणी साचण्याचा विकार असू शकतो. त्यातल्या काही रुग्णांना शस्त्रक्रियेने नळी बसवून आराम पडतो, आणि सर्वांत आधी सुधारते ती चालच. म्हातारचळ म्हणून घरी बसवून ठेवलं तर ती संधी जाते.

निम्हान्स आणि कर्नाटक शासनाने 2022 मध्ये मेंदूच्या आरोग्यासाठी संयुक्त उपक्रम सुरू केला. त्याबद्दल जिल्हा रुग्णालयात विचारता येईल. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी 14567 या क्रमांकावर आहे. फिजिओथेरपिस्टकडे रोज जायची गरज नसते. एकदा बघून, शिकवून घ्यावं आणि महिन्याने दाखवून यावं.

अडचण येते ती वेगळीच. सोबत चालायचं कोणी? मुलगा इचलकरंजीला कामावर, सून स्वयंपाकघरात आणि बहुतेक वेळा तीही नोकरीवर. सगळा भार सुनेवर टाकून ‘व्यायाम करा’ असं लिहिणं सोपं आहे, म्हणून मी ते लिहीत नाही. आमच्याकडे वाटणी आहे. सकाळचं खुर्चीवरचं काम माझे यजमान बघतात. रविवारी थोरले दीर येतात, ते पटांगणात नेतात. शाळा सुटल्यावरची फेरी धाकट्या मुलीकडे. ती सहावीत आहे, इंग्रजी माध्यमात. तिला मराठी आकडे एकोणतीस-एकोणचाळीसला नडतात आणि कन्नड आकडे वीसच्या पुढे. त्यामुळे या फेरीत दोघी चुकतात, आणि एकमेकींना दुरुस्त करतात. ‘हदिनारु नंतर काय?’ असं नात विचारते, तेव्हा आत्तींचं उत्तर बहुतेक वेळा तयार असतं.

नववा महिना चालू आहे. विसर गेलेला नाही. कालचा पाहुणा आज आठवत नाही. सोप्यातून परड्यात जाताना भिंतीला हात लावणं मात्र कमी झालं आहे, आणि डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे सोप्यात आखलेलं चार मीटर अंतर त्या आता पाच सेकंदांच्या आसपास चालून जातात. सुरुवातीला आठ लागत होते. वार सांगत चालल्या तर सहा-सात. दर महिन्याच्या एक तारखेला आम्ही हे दोन आकडे कॅलेंडरवर लिहितो, दुधाच्या हिशोबाशेजारी.